आडातला हंसराज

वनस्पतींचे संस्कार यथासांग करण्याची हौस आपल्या समाजाला फार जुनी आहे. पिंपळाची मुंज होते. तुळशीचे लग्न तर कार्तिकात घरोघर लागते. उसाचा मांडव, चिंचा-आवळ्यांचा आहेर आणि मंगलाष्टके म्हणावयास गल्लीतली मुले. युरोपातील पंडितांनी हीच हौस अठराव्या शतकात निराळ्या रीतीने भागविली. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७३५ साली वनस्पतींची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिचा पायाच मुळी फुलांतील पुंकेसरांची आणि स्त्रीकेसरांची गणती हा होता. एका वधूस एक वर, दोन वर, तीन वर, असा तो हिशेब. त्या काळच्या सोवळ्या मंडळींनी त्यावर नाके मुरडली. असे तेवीस वर्ग उभे राहिले आणि मग लिनियस अडले. शेवाळ, हरिता, नेचे, भूछत्रे यांना फूलच नाही. मुले मात्र दरवर्षी होतात. लग्न केव्हा लागते, कोठे लागते, वर कोण, वधू कोण, काहीच दिसत नाही. तेव्हा त्यांनी चोविसावा वर्ग काढला, त्याला 'क्रिप्टोगॅमिया' म्हणजे 'गुप्त विवाह' असे नाव दिले आणि ही सर्व मंडळी त्यात कोंबली. राज्य सरकारच्या नोकरीत चौतीस वर्षे काढल्यामुळे आम्हास हा चोविसावा वर्ग फार ओळखीचा वाटतो. प्रत्येक कचेरीच्या दप्तरात 'संकीर्ण' नावाची एक फाइल असते आणि खरी मौज बहुधा तिच्यातच दडलेली असते.

आमचा या गुप्त विवाहाशी संबंध आला तो पाणीगेटच्या घरातील आडामुळे. आमचे पणजोबा वाईहून बडोद्यास आले आणि खासगी कारभारात चिकटले. त्यांनी पाणीगेटच्या आतल्या अंगास, मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन वळणांवर, पातळ विटा आणि चुना यांचे दुमजली घर बांधले. घर आधी की आड आधी, याविषयी घरात दोन मते होती. आमची आजी आड आधी असे ठामपणे सांगे. त्या दिवसांत आड ही चैन नव्हती. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर आजव्याचा तलाव बांधविला, १८९२ साली त्याचे पाणी नळाने शहरात आले, आणि घरोघरच्या आडांवरचे रहाट हळूहळू कुरकुरेनासे झाले. आमचा आडही बिनकामाचा झाला. श्रावणी सोमवारी त्याला हळदकुंकू वाहावे, एरवी मुलांना कठड्याजवळ जाऊ देऊ नये, एवढेच त्याचे घरातले स्थान उरले. बिनकामाच्या त्या सव्वाशे वर्षांत त्याच्या आतल्या विटांच्या सांध्यांतून हंसराज वाढला. काळ्याभोर, केसासारख्या बारीक देठांवर पंख्याच्या आकाराची नाजूक पर्णके. वैद्य मंडळी खोकल्यावर देतात तोच हा. त्याला चुना मानवतो आणि सावली मानवते. खालून वर येणारी पाण्याची वाफ मिळाली की त्याला आणखी काही लागत नाही.

आम्ही १९८१ साली आपल्याच विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतून वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालो. मामलतदारीच्या कामात या पदवीचा उपयोग किती झाला, हे विचारू नये. प्रात्यक्षिकाच्या तासाला नेच्याच्या जीवनचक्राच्या तयार, रंगविलेल्या, कायमच्या स्लाइड आम्हास दाखवीत. त्यांत सर्व काही होते, फक्त हालचाल नव्हती. पोहणाऱ्या रेतुकांची आकृती आम्ही सर्वांनी पुस्तकावरून काढली आणि तिला गुणही पडले. ते पोहणे प्रत्यक्ष पाहावयाचे राहिले, ते साठीपर्यंत राहिले. २०१८ साली सेवानिवृत्त झाल्यावर निवृत्तीच्या रकमेतून आम्ही अंबाल्याच्या बनावटीचा एक विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक विकत घेतला. शंभर पट आणि साडेचारशे पट, अशी दोन भिंगे. खाली उजेड घेण्यास आरसा. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला देवघराशेजारच्या कोनाड्यात जागा दिली. मात्र आडातली कसलीही घाण तेथे आणावयाची नाही, ही अट घातली. ती अट फार काळ टिकली नाही.

आरंभ भिंतीपासून केला. जुलैत आमच्या परसातील भिंत हिरव्या मखमलीची होते. लोक सरसकट शेवाळ म्हणतात, पण शेवाळ वेगळे आणि ही हरिता वेगळी. इंग्रजीत तिला मॉस म्हणतात. ब्रायमच्या जातकुळीतली असावी. भिंगाखाली धरली तर मखमलीचा प्रत्येक धागा म्हणजे पानांनी गच्च भरलेले एक चिमुकले झाड निघते. या झाडांच्या शेंड्यांशी, पानांच्या आड, विवाहाची सर्व सामग्री असते. एका थैलीत रेतुके तयार होतात. दुसरीकडे उभट मानेच्या चंबूसारख्या पात्राच्या तळाशी एकच अंड असते. रेतुकाला दोन कशाभिका असतात, त्या हलवीत ते पोहते. म्हणजे या भिंतीवर पाऊस पडून पाण्याचा अखंड पापुद्रा जमला तरच लग्न. पाऊस नाही तर मुहूर्त नाही. फलित झालेले अंड तेथेच, आईच्या माथ्यावर रुजते. त्यातून बारीक दांडी निघते, दांडीच्या टोकाला कुपी येते आणि कुपीत बीजुके भरतात. ही दांडी-कुपी म्हणजे पुढची पिढी आहे, आणि ती आयुष्यभर आईच्या अंगावरच राहते. स्वतंत्र घर करीत नाही.

कुपीचे झाकण उडाले की तोंडाशी दातांचे कडे दिसते. ते भिंगाखाली ठेवून आम्ही त्यावर हलकेच श्वास सोडला. ओलसर श्वास लागताच दात हलले. वाळताच पुन्हा पहिल्या जागी आले. हवा कोरडी असेल तेव्हा दार उघडावे, दमट असेल तेव्हा लावावे, म्हणजे बीजुके ओली होऊन गोळा न होता वाऱ्यावर जातील, अशी ती व्यवस्था. दाताला जीव नाही, स्नायू नाही. पेशींच्या भिंतींची जाडी दोन बाजूंना निराळी, एवढ्यावर सारे काम चालते. सौभाग्यवतींनी ते पाहिले, त्यांनीही श्वास सोडून पाहिला, आणि त्या दिवसापासून अट शिथिल झाली.

येथे शब्दांविषयी थोडे लिहावयास हवे. आम्ही हे शास्त्र इंग्रजीतून शिकलो आणि त्याचे मराठी शब्द साठीनंतर शिकलो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, महाराजांनी १९१० साली सुरू केलेल्या त्या वास्तूत, मराठी विश्वकोशाचे खंड घेऊन बसणे हा आमचा निवृत्तीनंतरचा एक नेम होता. स्पोअर म्हणजे बीजुक. गॅमीट म्हणजे गंतुक. मादीचे गंतुक ते अंदुक, नराचे ते रेतुक. रेतुके जेथे होतात तो रेतुकाशय आणि अंदुक ज्या चंबूत बसते तो अंदुककलश. पहिल्यांदा वाचताना आम्हासही हसू आले. आठ दिवस वापरल्यावर लक्षात आले की 'आर्किगोनियम' म्हणताना डोळ्यांपुढे काहीच येत नसे; 'कलश' म्हटल्याबरोबर गळा, पोट आणि तळ, तिन्ही दिसू लागले. परिभाषा जड असते हे खरे, पण ती वापरावाचून हलकी होत नाही. कलाभवनाच्या काळापासून देशी भाषांत शास्त्र आणण्याचा खटाटोप या शहराने केला आहे, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

हंसराजाकडे वळू. पर्णकाची कड खाली मुडपलेली असते आणि त्या मुडपीच्या आतल्या अंगास तपकिरी ठिपके असतात. ठिपका म्हणजे बीजुककोशांचा पुंजका. प्रत्येक कोश एका देठावरच्या पिशवीसारखा, आणि त्याच्या पाठीवरून जाड पेशींचे एक वलय गेलेले. या वलयाने आमचे एक पूर्ण दुपार घेतली. पिकलेले पान काचेवर ठेवले आणि दिव्याची ऊब दिली. वलयातील पेशींमधले पाणी आटू लागले. पाणी आटते तशा पेशींच्या बाहेरच्या पातळ भिंती आत ओढल्या जातात आणि वलय उलटे वळू लागते. कोश फाटतो. वलय मागे, आणखी मागे, गोफण फिरविणाऱ्याच्या हातासारखे झुकते. बीजुके त्याच्या टोकाच्या खोबणीत अजून तशीच असतात. मग क्षणभर काही घडत नाही. एकाएकी पेशींतील ताणलेले पाणी तुटते, आत बुडबुडे येतात, वलय झटक्याने पूर्वस्थितीस येते आणि बीजुके दृष्टीआड होतात. नजरेला फक्त 'होते' आणि 'नाही' एवढेच कळते. या गोफणीचा अभ्यास २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अतिवेगवान छायाचित्रणाने मोजले असता बीजुक सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने सुटते असे आढळले. मानवी गोफणीला जो अडसर लागतो तो येथे नाही. परतीच्या वेळी वलयाच्या भिंतींतील पाणी सावकाश सरकते, त्यामुळे वलय मध्यावर क्षणभर आपोआप थबकते आणि नेमकी तेव्हाच बीजुके सुटतात.

एका कोशात सामान्यतः चौसष्ट बीजुके. एका पर्णकाखाली कितीतरी कोश, एका पानाला कितीतरी पर्णके, आणि आडात हंसराजाची निदान चाळीस झुडपे. आडाच्या तोंडाशी दुपारी जो झोत वर येतो, त्याबरोबर ही सगळी पूड पाणीगेटवर, आजवा रोडवर, कदाचित पावागडापर्यंतही जात असेल. वाचक आता अशी अपेक्षा करीत असतील की आम्ही येथे वाऱ्यावर उडून दूर देशी रुजणाऱ्या बीजुकाची उपमा सातारा-वाईकडून गुजरातेत आलेल्या मराठी घराण्यांस लावणार. तसा मोह झाला होता. परंतु आमचे पणजोबा वाऱ्याने आले नव्हते. दरमहा ठरलेल्या पगाराचे पत्र घेऊन आले होते. उपमा राहू द्यावी.

बीजुक रुजले म्हणजे त्यातून नेचा येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातून येते ते नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे, जमिनीला चिकटलेले एक हिरवे पापुद्र्यासारखे अंग. त्याचे नाव प्रोथॅलस. हंसराजाच्या पेशींत साठ गुणसूत्रे असतात, या पापुद्र्याच्या पेशींत तीस. रेतुकाशय आणि अंदुककलश हे त्याच्या अंगावर, तेही खालच्या बाजूस. लग्न तेथे लागते, आणि त्या लग्नातून साठ गुणसूत्रांचा हंसराज जन्मतो. एक पिढी झुडपाची, एक पिढी पापुद्र्याची, पुन्हा झुडपाची. नातू आजोबांसारखा, मुलगा कोणासारखाच नाही. यालाच विश्वकोशात पिढ्यांचे एकांतरण म्हटले आहे. हरितेतही हेच घडते, फक्त तेथे मोठे घर पापुद्र्याच्या पिढीचे आणि दुसरी पिढी तिच्या आश्रयाला, नेच्यांत उलट.

हा सारा उलगडा ज्या पुरुषाने केला त्याच्याविषयी आम्हास विशेष ममत्व आहे. विल्हेल्म होफमायस्टर हे लाइपझिगच्या एका संगीत-प्रकाशकाचे आणि पुस्तकविक्रेत्याचे चिरंजीव. वडिलांच्या दुकानात बसत. विद्यापीठाची पदवी नव्हती. दृष्टी इतकी अधू की वस्तू नाकाशी धरून पाहावी लागे. दुकानाच्या कामातून वेळ काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हरिता, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष पेशी-पेशीने तपासले आणि १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एका ग्रंथात दाखवून दिले की पिढ्यांची ही अदलाबदल हरितांपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत एकाच सूत्राने चालते. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर आठ वर्षांनी आला. १८६३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने या पदवीहीन गृहस्थास प्राध्यापक नेमले. आमच्या खात्यात अर्हतेच्या रकान्यावरच अर्ज परत गेला असता. त्यांच्या सूत्राचा दुसरा पुरावा पुढे जपानात मिळाला. साकुगोरो हिरासे हे तोकियोच्या विद्यापीठात चित्रे काढण्याच्या कामावर लागलेले. त्यांनी १८९६ साली गिंको वृक्षाच्या बीजात पोहणारे रेतुक पाहिले. त्याच वर्षी इकेनो यांनी ते सायकसमध्येही पाहिले. म्हणजे आपल्या बंगल्यांच्या दारात जो सायकस शोभेसाठी लावतात, त्यालाही बीज आले तरी जुनी पोहण्याची रीत सुटलेली नाही. फक्त पोहावयास लागणारे तळे तो बीजाच्या आत स्वतःच करतो.

नेच्यांच्या बाबतीत आपला देशही मागे नाही. ऑफिओग्लॉसम नावाच्या एका जिभेसारख्या पानाच्या नेच्यात, ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या जातीत, बाराशेहून अधिक गुणसूत्रे असल्याचे केरळमधील अब्राहम आणि निनान यांनी १९५४ साली दाखविले. मनुष्यात सेहेचाळीस. एवढ्या भांडवलावर त्या नेच्याने काय साधले, असा प्रश्न आमच्या मनात येतो. तो मात्र एकच पान घेऊन पावसाळ्यापुरता उगवतो आणि गप्प राहतो. पुणे विद्यापीठाचे प्रा. टी. एस. महाबळे यांनी १९६२ साली भारतातील ऑफिओग्लॉसमच्या जातींवर निबंध लिहिला. आणि याच कुळातील, जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा, जगातील सर्वांत लहान भूचर नेचा म्हणून २०१८ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तो आपल्या डांग जिल्ह्यात आहव्याच्या परिसरात सापडला. आहव्यास आम्ही तीन वर्षे होतो. त्या माळांची मोजणी आमच्या सहीने झाली आहे.

आता सहीचा विषय निघालाच आहे. २०२४ च्या पाडव्यास पुण्याहून आमच्या धाकट्या बंधूंचा फोन आला की पाणीगेटच्या घराचे या वर्षी काय ते करावे. घरात तीन वाटे: आमचा, त्यांचा, आणि आमच्या दिवंगत भगिनीच्या कन्येचा. ती न्यू जर्सीत असते आणि तिने मुखत्यारपत्र केव्हाच पाठविले होते. बंधूंचे म्हणणे गैर नव्हते. तुळया वाळवीने पोखरल्या होत्या, माडीवर पाऊस गळत होता, आणि आदल्या वर्षी सौभाग्यवती जिन्यावरून घसरून दीड महिना अंथरुणावर होत्या. घेणारा तयार होता. त्याची एक अट अशी की ताबा घेण्यापूर्वी आड बुजवून द्यावा. बानाखत आमच्या सहीसाठी अडले होते. वारसाई नोंदीच्या हजारो प्रकरणांवर आम्ही नोकरीत सही केली; त्यांतल्या कोणत्या घरात आड होता, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही, कारण अर्जाच्या नमुन्यात तसा रकाना नसतो. आम्ही बंधूंना दिवाळीपर्यंत थांबण्यास सांगितले. कारण सांगितले नाही. आईच्या पश्चात आम्हा दोघांचे बोलणे तसेही कामापुरतेच उरले होते.

कारण असे की आम्हास ते लग्न एकदा पाहावयाचे होते. जूनच्या मध्यास पिकलेली पाने कागदात दुमडून ठेवली. सकाळी कागदावर तपकिरी पूड पडलेली होती. आडाच्या कठड्याची एक सुटी वीट फोडून तिचा तुकडा उकळत्या पाण्यातून काढला, बशीत ठेवला, पूड टाकली आणि वर काचेचे भांडे पालथे घातले. पंधरा दिवसांत विटेवर हिरवी छटा आली. जुलैअखेर पापुद्रे गव्हाच्या दाण्याएवढे झाले आणि त्यांच्या माथ्याशी खाच पडून हृदयाचा आकार दिसू लागला. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला तो मोठा पूर आला. शहराचा केवढा भाग पाण्याखाली होता हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या आडाचे पाणी त्या आठवड्यात कठड्याखाली हातभर आले. इतके वर आलेले आम्ही जन्मात पाहिले नव्हते. खालच्या अंगाचा हंसराज पाण्यात गेला. वीज नव्हती, पण आमच्या सूक्ष्मदर्शकाला आरसा आहे, त्याला उजेडाखेरीज काही लागत नाही. त्या चार दिवसांत आम्ही अनेक पापुद्रे उलटून पाहिले. खाचेजवळ अंदुककलशांच्या माना दिसत होत्या, मुळकेसांच्या गर्दीत रेतुकाशयांचे वाटोळे घुमट दिसत होते, परंतु ते फुटण्याचे नाव घेत नव्हते.

सात सप्टेंबरला गणपती होते. त्या घरातले शेवटचे. बंधू सहकुटुंब आले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर, बाकीची मंडळी आडवी झाली असताना आम्ही कोनाड्याशी बसलो होतो. पापुद्रा उलटा करून स्लाइडवर ठेवला, पावसाच्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि थांबलो. सुमारे दहा मिनिटांनी एका रेतुकाशयाचे झाकण सरकले. आतून गोल कण एकामागून एक बाहेर आले, क्षणभर थबकले, आणि मग प्रत्येक कण उलगडून चकलीच्या वेढ्यासारखा झाला आणि गरगरत निघाला. हरितेच्या रेतुकाला दोनच कशाभिका. याला वेढ्यावर डझनावारी असतात. शंभर पटीत ते केवळ थरथरणारे बिंदू दिसत. साडेचारशेत वेढा दिसे. आरंभी त्यांची दिशा कोणतीच नव्हती. मग खाचेकडच्या एका कलशाचे तोंड उघडलेले दिसले आणि भोवतीच्या बिंदूंची चाल बदलली. विल्हेल्म फेफर यांनी १८८४ साली बारीक काचनळीत मॅलिक आम्ल भरून ती नेच्याच्या रेतुकांजवळ धरली, तेव्हा ती सारी नळीत शिरली होती. कच्च्या सफरचंदाला जो आंबटपणा असतो तो याच आम्लाचा. आमच्या डोळ्यांदेखत ती त्या गळ्याशी जमली, एकमेकांना ढकलू लागली, आणि एक आत गेले. गळ्यातील चिकट द्रवात त्याचा वेग मंदावला. पुढे ते दिसेनासे झाले.

बंधू मागे केव्हा येऊन उभे राहिले ते कळले नाही. "काय पाहतोस दादा?" म्हणाले. आम्ही उठून त्यांस जागा दिली. ते अभियंते आहेत, यंत्राला डोळा लावण्याची त्यांस सवय आहे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नजर न काढताच म्हणाले, "हे आपल्या आडात चालतं?"

"पावसाळाभर."

"आई रागवायची तेव्हाही चालू असेल, नाही?"

आड डोकावल्याबद्दल आईचा मार बंधूंनी आमच्यापेक्षा अधिक खाल्ला आहे. आम्ही हो म्हटले. मग थेंब वाळू लागला. त्यांनी विचारले की आणखी पाणी घालू का, आणि आम्ही ड्रॉपर त्यांच्या हाती दिला. त्या दुपारी आम्ही पाच पापुद्रे पाहिले. चहाच्या वेळी त्यांच्या नातवानेही पाहिले आणि आपल्याला फक्त मुंग्या दिसल्या असे सांगितले. बानाखतावर आम्ही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सही केली. ती सही करणे भाग होते, आणि तशीही केली असती. पण ती करावयास बंधू पुण्याला परत न जाता थांबले, आणि कचेरीत आमच्या शेजारी बसले.

फलित झालेल्या पापुद्र्यांपैकी काहींतून ऑक्टोबरच्या आरंभास पहिले पान वर आले. एका पापुद्र्यावर कलश पुष्कळ, पण बाळ सामान्यतः एकच जगते. ते आपल्या पायाने पापुद्र्यातून अन्न शोषते, मूळ विटेत जाते, आणि पापुद्रा तपकिरी पडून संपतो. अकरा रोपे मिळाली. आड बुजविण्याच्या आधी एका गवंड्यास दोरावर आत उतरवून त्याच्याकडून हंसराजासकट पाच विटा काढून घेतल्या. त्यांतील दोन जगल्या. आमच्या नव्या सदनिकेत धुण्याच्या मोरीपाशी, उत्तरेकडच्या अंगास, त्या ठेवल्या आहेत. एक रोप बंधू पुण्यास घेऊन गेले. ते मेले, असे त्यांनी जानेवारीत कळविले, आणि दुसरे मागविले.

बीजुकांची पूड आमच्याकडे भरपूर आहे. कोरडी ठेवली तर ती काही वर्षे टिकते. सरकारी सवयीप्रमाणे प्रत्येक पुडीवर तारीख, ठिकाण आणि आडाच्या कठड्यापासूनची खोली घातली आहे. या पत्रिकेच्या वाचकांपैकी कोणास हवी असल्यास संपादकांकडे नाव नोंदवावे. वीट जुनी, चुन्यात बसलेली असेल तर उत्तम; ती आधी उकळत्या पाण्यातून काढावी, नाहीतर बुरशी येते. ऊन लागू देऊ नये. नळाचे पाणी वापरू नये, पावसाचे साठवून ठेवावे. पाणी वरून न शिंपडता बशीत घालावे. वीट आपली आपण ओढून घेते. मात्र दोन-अडीच महिन्यांनी, पापुद्र्यांच्या खाचा दिसू लागल्यावर, दर आठवड्यास एकदा वरून हलके शिंपडावे लागते. ते विसरल्यास पापुद्रे हिरवेगार राहतात, वर्षभरसुद्धा राहतात, पण हंसराज येत नाही.